दोन रकाने

ऑफिसपासून सोलणीच्या शेडपर्यंत
एकशे ऐंशी मीटर. मी पावलांनी मोजले,
बावतीसने टेपने.
त्याचे दोन जास्त आले.

चार वर्षं इथे तांब्याची केबल होती,
आणि दर वैशाखात आरवलीच्या बाजूने वीज यायची
ती माडांना सोडून थेट तारेत शिरायची.
तीन स्विच गेले, एक प्रिंटर,
आणि एका मार्चअखेरीचा अर्धा हिशोब.
म्हणून काच. केसाएवढी.
विजेला जिच्यात वाटच नाही.

"काच मगे मोडात," बावतीस म्हणाला,
जांभ्यात चर खणता खणता.
फार वाकवायची नाही, एवढंच, मी म्हटलं.
"म्हणजे मालकाच्या कमरेसारखी."

सांधा जोडायला पंखे बंद केले.
यंत्राच्या इवल्या पडद्यावर
दोन टोकं समोरासमोर आली, चाचपडली,
एक ठिणगी,
आणि जोड दिसेना.
घट शून्य पूर्णांक शून्य दोन, यंत्राने सांगितलं.
आरोलकर बाई हसल्या:
काजूत आम्ही दहा टक्के धरतो.

मी इकडून लाल टॉर्च लावली.
फोनवर बावतीस ओरडला,
"इलो! तांबडो उजेड इलो!"
मग टॉर्च काढून खरा उजेड जोडला.
"आता कायच दिसणा नाय."
दिसत नाही तो कामाला लागलाय, मी म्हटलं,
डोळा लावू नका तिथे.

सर्व्हर कपाटात बसला,
पावत्यांच्या जुन्या पुस्तकांखाली.
दोन डिस्क. एकीवर लिहाल ते दुसरीवर आपोआप,
एक गेली तरी दुसरी राहते...
बाईंनी खणातून कार्बन पेपरची डबी काढून पुढे ठेवली.
"हेच ना?"
हेच.

राहिला मोरजकरांचा कॉम्प्युटर.
ते जाऊन दोन दिवाळ्या झाल्या,
फाईली तशाच.
उघडल्या तर चौकोन, प्रश्नचिन्हं,
टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं.
त्यांचा फॉन्ट त्यांच्याच ड्रॉवरमध्ये सापडला,
सीडीवर, तंबाखूच्या पुडीशेजारी.
टाकला, आणि अक्षरं माणसात आली.

सत्यवती कांबळी. रेमेत डिसोझा. जनी गावडे.
प्रत्येकीपुढे दोन रकाने:
*काटा.* *खरं.*
काट्यात सहा किलो दोनशे,
खऱ्यात सहा किलो पाचशे.
रोज. रविवार सोडून.
नऊ वर्षं.

बाई चष्मा पुसत राहिल्या.
"मी पगार याच काट्यावरून काढले,"
एवढंच म्हणाल्या, मला नव्हे,
कपाटाला.
काटा अजून तोच आहे का
हे मी विचारलं नाही.

माझ्या कामाचं होतं ते विचारलं.
ही फाईल कुणाकुणाला दिसायची?
शेडमधल्या कॉम्प्युटरवर?
"हो."
बावतीसला?
"हो."
मालकांना?
मालक कणकवलीला गेले होते, चारपर्यंत यायचे होते.
भिंतीवरचं घड्याळ साडेतीनला
जरा जास्तच मोठ्याने चालत होतं.

"वाचूक सगळ्यांका,"
सकाळपासून माझ्याशी पुस्तकी बोललेल्या बाई
पहिल्यांदाच घरचं बोलल्या.
आणि पुसायला?
त्यांनी डबीचं झाकण लावलं.
"पुसूक कोणाकच नको."

मी एकेका नावापुढची खूण काढत गेलो.
मालकांची. मॅनेजरची. खुद्द बाईंची.
शेवटी माझी राहिली,
लावणाऱ्याची नेहमी राहते,
वेळप्रसंगी लागते म्हणून.
तिच्यावर बोट बराच वेळ थांबलं.

हिरवा दिवा लुकलुकायला लागला.
चराखालून, जांभ्याखालून,
नऊ वर्षं पलीकडे पोचली
एका उचकीच्या आत.

फोन वाजला.
"हयसर मोरजकरांचा नाव दिसता!" बावतीस म्हणाला.
मग काही वाचल्यासारखा गप्प झाला,
आणि फोनवर नुसता
सुपांचा आवाज.